ओळंब्यातला घोटा

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. कराडजवळच्या आमच्या गावात माणसं घोंगड्या गुंडाळून अंगणात बसली ती उजाडेपर्यंत घरात गेली नाहीत. उजाडल्यावर माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, पिशवीतून ओळंबा काढून घरोघरच्या भिंतींना लावत फिरले. आबा गवंडी होते. पडलेल्या भिंतीपाशी ते थांबत नसत. "पडली ती पडली. ही उभी हाय पन वळंब्यात न्हाई, हिच्याखाली झोपू नगा," असं लोकांना सांगत होते. झुकलेल्या भिंतीचा भार सगळ्या रुंदीवर न पडता एका कडेवर येतो आणि ती कड भुगा होत जाते, हे मी त्या सकाळी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. पुढे तीस वर्षांनी मी हेच माणसांच्या घोट्याबद्दल सांगू लागलो.

पुढचं वर्षभर आबांना पाटण भागात कामाला उसंत नव्हती. १९६८ च्या उन्हाळ्यात तिकडच्या एका वाड्याची तडा गेलेली भिंत उतरवताना परांचीची फळी सरकली आणि आबा दहा-बारा फुटांवरून खाली आले. उजवा घोटा मोडला. बैलगाडीत गवत अंथरून त्यांना घरी आणलं, ती गाडी वळणावर येताना दिसली तेव्हा आईच्या हातातली कळशी खाली पडली, हे मला आजही दिसतं.

त्या काळी हाड मोडलं की हाडवैद्य. आमच्या भागातल्या हाडवैद्याच्या हाताला गुण होता, तो पैसे मागत नसे, नारळ आणि पानसुपारी घेई. त्याने घोटा चाचपला, एक हिसका दिला, कसल्याशा पाल्याचा लेप लावून बांबूच्या कामट्या बांधल्या. दीड महिन्याने पट्ट्या सुटल्या. हाड जुळलं होतं. पण नडगीचं खालचं टोक आत झुकून जुळलं होतं. त्या माणसाला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. एक्स-रे न बघता, भूल न देता, नुसत्या बोटांनी घोट्याचं हाड नेमकं बसवणं कुणालाच जमण्यासारखं नव्हतं.

आबा पुन्हा परांचीवर चढले. फक्त त्यांची चाल बदलली. उजवा पाय बाहेरच्या कडेवर टेकायचा. उजव्या चपलेची बाहेरची कड तीन-चार महिन्यांत झिजून कातडी कागदासारखी व्हायची. गावातला चांभार तेवढ्याच जागी कातड्याचा तुकडा ठोकून द्यायचा आणि म्हणायचा, "गवंडी, तुमचा पाय तिरका पडतोय, एवढ्यानं भागायचं न्हाई." आज मागे वळून बघताना वाटतं, आमच्या घरातलं पहिलं अचूक निदान त्या चांभाराने केलं होतं. ते ऐकून काही करता येईल असं तेव्हा आम्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

घोटा हा विलक्षण सांधा आहे. गुडघा वयाने झिजतो, घोटा सहसा वयाने झिजत नाही. ज्यांचे घोटे झिजतात त्यांच्यातल्या साधारण चारांपैकी तिघांच्या मागे जुनी मोड किंवा वारंवारची मुरगळ असते. सांध्यातल्या हाडांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिची जाडी घोट्यात जेमतेम दीड मिलिमीटर. तिला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे एकदा झिजली की ती पूर्वीसारखी भरून येत नाही. आणि चालताना त्या एवढ्याशा जागेवर शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट भार येतो. एवढा भार ती जन्मभर सोसते याचं कारण एकच, नडगीच्या टोकाचा पृष्ठभाग तिच्या दांड्याला जवळजवळ काटकोनात असतो आणि खालचं टेलस नावाचं हाड त्या खाचेत चपखल बसतं. १९७६ मध्ये रॅम्सी आणि हॅमिल्टन या दोघांनी मृतदेहांच्या घोट्यांवर प्रयोग करून दाखवलं, की टेलस नुसतं एक मिलिमीटर बाहेर सरकलं तरी दोन हाडं एकमेकांना टेकण्याचं क्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटतं. एक मिलिमीटर! आबांच्या भाषेत, कोपऱ्यात कपचीएवढी चूक आणि निम्मी भिंत अधांतरी.

१९७५ च्या सुमाराला आबांचा घोटा सकाळी उठल्यावर धरू लागला. आई निर्गुडीचा पाला वाफवून बांधायची, वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेक द्यायची. संध्याकाळी घोट्याची सूज उंबऱ्यावरून दिसायची. १९८० पर्यंत ते भिंतीला धरून चालू लागले होते. मी तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयात होतो. आमच्याकडे मोठं दुखणं म्हणजे मिरज, १८९४ मध्ये डॉक्टर वानलेस यांनी तिथे मिशनचा दवाखाना काढल्यापासून हा रिवाज. आबांनाही १९८१ मध्ये मिरजेलाच एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर भले होते. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवला. दोन हाडांमध्ये जी काळी रेघ दिसायला हवी ती उरलीच नव्हती. "सांधा जाम करावा लागेल," ते म्हणाले.

सांधा जाम करणं म्हणजे उरलीसुरली कूर्चा खरवडून काढायची आणि नडगी व टेलस ही दोन हाडं जुळवून एक करून टाकायची. हालचाल संपली की घासणं संपलं, घासणं संपलं की दुखणं संपलं. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या एदुआर्द आल्बर्टने ही कल्पना आणली. १९५१ मध्ये इंग्लंडच्या जॉन चार्नलीने घोट्याच्या वर आणि खाली हाडातून आडव्या सळ्या घालून, बाहेरून स्क्रूने त्या एकमेकींकडे आवळून हाडं दाबून धरायची पद्धत बसवली. आबांना तोच शिकंजा लावला होता. पायाच्या दोन्ही बाजूंना चकचकीत दांडे, त्यांवर फुलपाखराच्या पंखांसारख्या चाव्या. राउंडला आलेले डॉक्टर चावी थोडी फिरवायचे आणि आबा छताकडे बघत मला म्हणायचे, "शिकंज्यात धरल्याबिगर जोड पक्का हुत न्हाई." कारागिराला त्यातलं तत्त्व पटलं होतं.

त्या वॉर्डातले दोन महिने मला फार जवळचे आहेत. पेशंट महिनोन्महिने राहायचे, म्हणून शेजारच्या खाटांचं भावकीसारखं नातं व्हायचं. आवारात तीन दगडांच्या चुलींवर नातेवाइकांच्या भाकऱ्या भाजल्या जायच्या आणि आईने केलेलं कोरड्यास चार खाटांवर वाटलं जायचं. प्लास्टर रूममध्ये वॉर्डातले मामा दुपारी मांडी घालून बसत, मलमलीची पट्टी लाकडी पाटावर पसरत, तिच्यावर प्लास्टरची भुकटी हाताने घासत आणि गुंडाळी करून डब्यात ठेवत. डार्क रूममधून ओले एक्स-रे बाहेर येत, चिमट्यांना लटकलेले, पाणी ठिबकत असलेले. ते वाळायची वाट बघत आम्ही विद्यार्थी उभे राहायचो. त्या वाट बघण्यात मी पेशंटशी बोलायला शिकलो.

आबांचं दुखणं गेलं, समूळ गेलं. ऑपरेशनने आपलं काम केलं होतं, याबद्दल मनात शंका नाही. पण आपल्याकडचं जगणं जमिनीवरचं. गवंड्याचं निम्मं काम उकिडवं बसून होतं, जेवण मांडीवर, संडास उकिडवा, शिडीच्या पायरीवर पाऊल वाकायला हवं. आबांचं पाऊल काटकोनात गोठलेलं होतं. परांची सुटली ती कायमची. ज्या वर्षी आबांचा घोटा जाम झाला त्याच १९८१ मध्ये जयपूरच्या डॉक्टर प्रमोद करण सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अनवाणी चालता येईल, उकिडवं बसता येईल असं रबरी पाऊल त्यांनी रामचंद्र शर्मा या कारागिराच्या साथीने घडवलं होतं. ती बातमी मी आबांना वाचून दाखवली. पाय तुटलेल्या माणसाला उकिडवं बसता येतं, आणि माझ्या सबंध पाय असलेल्या बापाला येत नाही. मी अस्थिशल्यचिकित्सा घ्यायची ती त्या दिवशी ठरवली.

अस्थिशल्यचिकित्सा शिकवणारे आमचे सर जुन्या वळणाचे होते. एक्स-रे हातात घेण्याआधी ते पेशंटला वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावत आणि स्वतः खाली बसून त्याच्या टाचा न्याहाळत. मग चपला मागवून उलट्या करून बघत. "पेशंट सगळं सांगत नाही, चप्पल सांगते," असं म्हणत. मला आमचा चांभार आठवायचा. मात्र एक्स-रे आम्ही त्या काळी पेशंटला टेबलावर आडवा करूनच काढत असू, आणि ती मोठीच उणीव होती. झोपलेल्या माणसाच्या घोट्यावर भार नसतो, त्यामुळे टेलस किती कलंडतंय आणि फट कुठल्या बाजूला मिटतेय ते लपून राहतं. भिंत आडवी पाडून ओळंबा लावण्यासारखंच ते होतं.

वाकडं हाड कापून सरळ करणं तेव्हा अज्ञात होतं असं नाही. गुडघ्याबाबत तर ते रुळलेलं होतं. इंग्लंडच्या जॅक्सन आणि वॉ यांनी १९६१ मध्ये, अमेरिकेच्या कव्हेंट्रीने १९६५ मध्ये, गुडघ्याखालचं हाड कापून भार झिजलेल्या बाजूकडून चांगल्या बाजूकडे नेता येतो हे मांडलं होतं. घोट्याच्या वाट्याला मात्र हा विचार फार उशिरा आला. घोटा झिजला की जाम करायचा, हे जणू ठरून गेलं होतं. सत्तरच्या दशकात कृत्रिम घोटे निघाले, पण पहिल्या पिढीतले लवकर सैल पडले आणि माणसं पुन्हा सांधा जाम करण्याकडेच वळली.

१९९६ मध्ये मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करत होतो. मोठ्या शहरात गेलं की एक दिवस ग्रंथालयात काढायचा माझा नेम होता. परदेशी नियतकालिकं महिनोन्महिने उशिरा येत, आणि हवा असलेला लेख झेरॉक्स करून बसमध्ये वाचत घरी यायचं. अशाच एका १९९५ च्या अंकात जपानच्या नारा इथल्या योशिनोरी ताकाकुरा यांचा लेख सापडला. घोट्याच्या वर नडगीचं हाड कापून, झुकलेला सांधा सरळ केलेल्या १८ रुग्णांचा तो अहवाल होता. जपानात कुठलीही मोड न होता घोटा आतल्या बाजूला झुकून झिजलेल्या स्त्रिया बऱ्याच दिसतात. ताकाकुरांनी झिजेच्या पायऱ्या पाडल्या होत्या: फट शाबूत असलेली, अरुंद झालेली, फक्त आतल्या बाजूला मिटलेली, आणि पूर्ण मिटलेली. मधल्या पायऱ्यांवरचे घोटे सरळ करून वाचवता येतात, शेवटच्या पायरीवरचा नाही. तो लेख मी बसमध्ये तीनदा वाचला. कराडचा स्टँड आला तरी उठायचं भान नव्हतं.

दोन वर्षांनी एक शेतमजूर बाई आली. चार वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीवरून पडून घोटा मोडला होता, आत झुकून जुळला होता, आता आतली बाजू झिजत चालली होती. वय चाळिशीचं. आबांची १९७२ ची अवस्था माझ्यासमोर बसली होती.

तेव्हा ऑपरेशनचा आराखडा हाताने आखावा लागे. मी तिचा एक्स-रे घरच्या खिडकीच्या काचेला चिकटवला, वर ट्रेसिंग पेपर धरून हाडांची बाह्यरेषा पेन्सिलने गिरवली, नडगीच्या दांड्याची मध्यरेषा आखली आणि सांध्याच्या पृष्ठभागाची रेषा तिला कुठे मिळते तो कोन मोजला. ८० अंश. हवेत ८९ च्या आसपास. आबा मागे खुर्चीवर बसून बघत होते. अडुसष्ट वर्षांचे. थोड्या वेळाने काठी टेकत जवळ आले.

"आत झुकलीया," ते म्हणाले. मग बोट काचेवर टेकवून, "आतनं पाचर घालनार का भायरनं काढनार?"

या ऑपरेशनचा सगळा गाभा या एका प्रश्नात आहे. आत झुकलेला सांधा सरळ करायचा तर हाड आतल्या बाजूने कापून, फट उघडून तिथे भर घालता येते, किंवा बाहेरच्या बाजूने पाचरीएवढा तुकडा काढून फट मिटवता येते. पहिल्यात पायाची लांबी राहते पण भरीला हाड लागतं. दुसऱ्यात भर लागत नाही पण पाय किंचित आखूड होतो. आतल्या बाजूची कातडी आधीच ताणलेली किंवा व्रणांची असेल तर बाहेरून जाणं बरं. मी म्हटलं, "आतून घालणार, आबा." ते म्हणाले, "मंग कमरेचं हाड घ्यावं लागंल. दुसरीकडचा दगूड बसायचा न्हाई." आम्ही भर म्हणून कमरेच्या कंगोऱ्यातलं हाडच घेतो, हे त्यांना मीच कधीतरी सांगितलं असणार.

त्या रात्री आम्ही दोघांनी ट्रेसिंग कात्रीने कापून टेबलावर जुळवून बघितलं. नडगी तिथे साधारण साडेपाच सेंटीमीटर रुंद असते, म्हणून एका अंशाला जवळजवळ एक मिलिमीटरची पाचर लागते. काटकोनाच्या थोडं पलीकडे, दोन-तीन अंश जास्त सरळ करायचं असतं, कारण झिजलेल्या बाजूचा भार नुसता समान वाटून भागत नाही, तो चांगल्या कूर्चेकडे सरकवावा लागतो. बेरीज बारा मिलिमीटर झाली. आबांनी पुठ्ठ्याची पाचर कापून दिली. ती मी ऑपरेशनच्या दिवशी खिशात ठेवली होती.

हाड कापायला आमच्याकडे हातड्रिल आणि छिन्नी होती. छिद्रांची रांग पाडायची आणि छिन्नीने ती जोडत जायची, समोरची कड मात्र बिजागरीसारखी न तुटता राहू द्यायची. शेजारचं फिब्युलाचं हाडही तिरकं कापून मोकळं केलं, नाहीतर ते सरळ होणाऱ्या नडगीला अडवून धरतं. भर घातली, पट्टी बसवली, स्क्रू आवळले. आठ आठवडे पाय टेकायचा नाही. तिच्या घरी ते जमवणं हे ऑपरेशनपेक्षा अवघड होतं. तिच्या जावेने दोन महिने दोघींची मजुरी एकटीने केली, हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. बारा वर्षांनी ती बाई मला आठवडी बाजारात भेटली. डोक्यावर भाजीची पाटी होती आणि ती दोन्ही पायांवर सरळ उभी होती.

आबांची आठवण माझ्या दवाखान्यात आजही सिमेंटची आहे. घोट्याचा एक्स-रे पेशंटला उभं करून काढायचा तर तो उंचावर उभा हवा आणि दोन पावलांच्या मागे फिल्मची पेटी मावायला हवी. बाजारात तसं काही मिळत नव्हतं. १९९७ मध्ये आबांनी बसल्या बसल्या वीत-दीड वीत उंचीचा चौथरा बांधला, मध्ये पेटीसाठी खाच ठेवली, चारही बाजूंनी पाणसळ लावून पातळी बघितली. जाम घोटा पुढे पसरून, पाटावर बसून. ते त्यांचं शेवटचं बांधकाम. २००४ मध्ये ते गेले. शेवटच्या वर्षांत त्यांना जाम घोट्याच्या खालचा, टाचेजवळचा सांधा दुखायला लागला होता. घोट्याने सोडलेली हालचाल शेजारचे सांधे अंगावर घेतात आणि कालांतराने तेही झिजतात, हे जाम केलेल्या घोट्यांत पुष्कळदा होतं.

आता काय आहे ते माझ्या पुतण्याच्या निमित्ताने बघितलं. २०१७ मध्ये त्याची मोटरसायकल घसरली, घोटा मोडला, चार वर्षांत दुखू लागला. तोवर मी ऑपरेशन करणं थांबवलं होतं. माझ्याच हाताखाली शिकलेल्या एका सर्जनने त्याचं ऑपरेशन केलं आणि मला शेजारी उभं राहू दिलं. उभं राहून काढलेला स्कॅन होता, त्यावरून संगणकाने घोट्याची तिन्ही बाजूंची प्रतिमा उभी केली होती. हाडाचा प्लास्टिकचा हुबेहूब नमुना छापून आणला होता, तो मी हातात घेऊन फिरवून बघितला. आम्ही कागदावर जे दोन दिशांत बघत होतो ते तो तीन दिशांत बघत होता. खरोखरच वाकडेपण क्वचितच एका दिशेचं असतं, हाड पुढेमागेही झुकलेलं असतं, पिळलेलंही असतं. ट्रेसिंगवर ते आमच्या हातून निसटत असणार.

आधी त्याने दुर्बिणीने सांध्यात शिरून बाहेरच्या बाजूची कूर्चा शाबूत असल्याची खात्री केली. मग पडद्यावर हाड बघत एक बारीक तार कापायच्या रेषेवर घातली, तिच्या आधाराने करवत चालवली, वरून सतत पाण्याची धार, कारण करवतीच्या उष्णतेने हाड भाजलं तर जुळत नाही. पट्टीच्या भोकांतच स्क्रूच्या डोक्याचे आटे बसतात, त्यामुळे पट्टी आणि स्क्रू एकजीव होतात. "सर, नऊ अंश. बघा," तो म्हणाला. मी पडद्याकडे बघितलं. नडगीची रेषा आणि सांध्याची रेषा गुण्यात, काटकोनात आली होती. मास्क होता म्हणून बरं, माझे डोळे भरले होते.

पुतण्या चौथ्या दिवशी घरी गेला. सहा आठवडे पाय टेकला नाही. तंबाखू सोडायची अट मी घातली होती, कारण तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो, कधी जुळतच नाही. त्याने ती पाळली. आज तो रानात उकिडवं बसून भांगलण करतो. पहिल्यांदा बसला तेव्हा मला फोन करून म्हणाला, "काका, बसलो." एवढंच.

याला चमत्कार म्हणणं बरोबर नाही. हाड कधी जुळत नाही, जखम चिघळते, मज्जातंतू दुखावतो. सरळ केलेला घोटाही काही वर्षांनी झिजू शकतो आणि मग जाम करणं किंवा कृत्रिम सांधा हेच उरतं. स्वित्झर्लंडच्या लीस्टालमधल्या बेआट हिंटरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या पंचवीसेक वर्षांत हे शास्त्र पुष्कळ पुढे नेलं, बाहेर झुकलेल्या घोट्यांसाठीही ते बसवलं. त्यांच्या कामातूनही पेशंट नीट पारखून घ्यावा लागतो हेच दिसतं. तरीही मला ठामपणे वाटतं, की वेळेवर आलेल्या, अर्धीच फट मिटलेल्या घोट्याला जाम करण्याआधी सरळ करून बघायलाच हवं. देवाने दिलेला सांधा दहा-पंधरा वर्षं जास्त चालला तर माणसाचं अख्खं कष्टाचं आयुष्य निघतं.

जुन्या गोष्टींपैकी मला काय हवंहवंसं वाटतं? मामांच्या प्लास्टरच्या गुंडाळ्या नको. फुलपाखरी चाव्यांचा शिकंजा नको, तो मी आबांच्या पायात बघितला आहे. पण सरांचं ते खाली बसून टाचा बघणं हवं. आजचे तरुण डॉक्टर आमच्यापेक्षा कितीतरी नेमके आहेत, हे मी मनापासून म्हणतो. फक्त पेशंट खुर्चीवर बसलेला, मोबाइलवर एक्स-रेचा फोटो पुढे केलेला, आणि त्याला कुणी चालायला सांगितलेलं नसतं, हे बघितलं की जीव तुटतो. फोटोतला घोटा बहुतेक वेळा टेबलावर आडवा झालेला असतो. त्यात झुकाव दिसत नाही, "थोडी झीज आहे" म्हणून गोळ्या दिल्या जातात आणि सरळ करता येण्याचा काळ गोळ्यांवर निघून जातो.

आबांबद्दल मला पुष्कळ वर्षं एक टोचणी होती, की माझा बाप वीस वर्षं उशिरा जन्मला असता तर त्याची परांची सुटली नसती. आता तेही तपासून बघितलं आहे. १९८१ चा त्यांचा एक्स-रे मी जपून ठेवला आहे. तो आज कुणी माझ्यापुढे ठेवला तर मीसुद्धा सांधा जाम करायलाच सांगेन, कारण फट पूर्ण मिटली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी योग्य तेच केलं. चुकली ती त्याआधीची आठ-दहा वर्षं, जेव्हा चांभार तुकडा ठोकत होता आणि आई वीट तापवत होती.

म्हणून वाचणाऱ्याला एक विनंती. घरात कुणाचा घोटा कधीकाळी मोडला किंवा पुन्हा पुन्हा मुरगळला असेल आणि आता चालताना दुखत असेल, तर त्याच्या चपला उलट्या करून शेजारी शेजारी ठेवा. टाचेची बाहेरची कड सगळ्यांचीच थोडी झिजते. पण एक चप्पल दुसरीपेक्षा उघड वेगळी झिजलेली दिसली, तर दोन्ही चपला पिशवीत घालून हाडांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि घोट्याचा एक्स-रे उभं राहून काढायला सांगा.